इव्होक: आधी आकार ठरला, मग गाडी घडली

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारं चार माणसांचं कुटुंब, बजेट सत्तर लाखांच्या आसपास, दर महिन्या-दोन महिन्यांनी कोकणातल्या घरी फेरी. रेंज रोव्हर इव्होक मनात भरली आहे, पण मित्र सांगतात की ती नुसती दिसायला रेंज रोव्हर आहे, आतून लँड रोव्हरची जुनी छोटी एसयूव्ही, फ्रीलँडरच आहे. हे खरं का? आणि एवढ्याशा गाडीला एवढे पैसे कशाचे?

वाहनांच्या बॉडी इंजिनिअरिंगमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे मी त्या अंगानेच उत्तर देतो. मित्रांचं म्हणणं पहिल्या पिढीबद्दल अर्धं बरोबर आहे. आज शोरूममध्ये जी गाडी मिळते तिच्याबद्दल ते चूक आहे. इव्होक समजून घ्यायची तर एक गोष्ट धरून ठेवा: या गाडीचा आकार आधी ठरला आणि बाकी सगळं त्या आकारात बसवलं गेलं. तिचे गुण आणि तिच्या अडचणी, दोन्ही तिथूनच येतात.

जानेवारी २००८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटर शोमध्ये रेंज रोव्हर बनवणाऱ्या लँड रोव्हरने एलआरएक्स नावाची कन्सेप्ट गाडी, म्हणजे प्रदर्शनापुरता घडवलेला नमुना, दाखवली. त्यातूनच पुढे इव्होक झाली. त्या वेळी कंपनी फोर्डच्या मालकीची होती आणि विकायला काढलेली होती. मार्चमध्ये टाटा मोटर्सबरोबर करार झाला आणि जून २००८ मध्ये सुमारे २.३ अब्ज डॉलरला जॅग्वार आणि लँड रोव्हर टाटांकडे आल्या. काही महिन्यांतच जगभर मंदी पसरली, महागड्या गाड्यांची विक्री कोसळली आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही हा सौदा टाटांना बुडवणार, असं छापून येऊ लागलं. अशा काळात नवीन, न चाललेल्या प्रकारच्या गाडीवर पैसे लावायचे की नाही, हा निर्णय घ्यायचा होता. २००९ मध्ये ब्रिटिश सरकारने ही गाडी हेलवूडच्या कारखान्यात बनणार असेल तर २.७ कोटी पौंडांचं साहाय्य देऊ केलं. लिव्हरपूलजवळचा हा कारखाना १९६३ पासूनचा, मूळचा फोर्डचा. अनेक वर्षं तिथे एस्कॉर्ट बनत असे. १ जुलै २०१० ला, मूळ रेंज रोव्हरला चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने, लंडनच्या केन्सिंग्टन पॅलेसमध्ये इव्होक दाखवली गेली आणि जुलै २०११ मध्ये हेलवूडमध्ये उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी कारखाना तीन पाळ्यांत, चोवीस तास चालवावा लागला. टाटांनी केलेल्या खरेदीचं पुढे जे सोनं झालं, त्यात या एका गाडीचा वाटा फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता आकाराकडे येऊ, कारण खरी मेहनत तिथे आहे.

कन्सेप्ट गाडी बनवणं सोपं असतं. तिला नियम पाळायचे नसतात, धडक सोसायची नसते, मागे सहा फुटी माणूस बसवायचा नसतो. मोटर शोमधून कारखान्याकडे जाताना जवळजवळ प्रत्येक गाडीचं तेच होतं: छत वर जातं, खिडक्या मोठ्या होतात, चाकं लहान होतात, पुढचं नाक लांबतं. छत वर जातं कारण डोक्याला जागा हवी. नाक लांबतं कारण धडकेत दबायला लांबी हवी आणि रेडिएटरला हवा हवी. बॉनेट उंचावतं कारण पादचारी आदळला तर पत्रा आणि खालचं इंजिन यांच्यात मोकळी जागा लागते. प्रत्येक बदल योग्यच असतो, आणि सगळे मिळून मूळ चित्र पुसून टाकतात. मी अशा बैठकांमध्ये बसलेलो आहे. डिझायनर एका रेषेसाठी भांडत असतो आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आठ विभागांचे लोक आपापले दहा-दहा मिलिमीटर मागत असतात.

एलआरएक्सच्या चित्रात मागे उतरत जाणारं छत होतं, मागे चढत जाणारी कमररेषा (खिडक्यांच्या खालची कड) होती, त्यामुळे मागच्या बाजूला अगदी चिंचोळ्या झालेल्या काचा होत्या, आणि चाकं चारही कोपऱ्यांत ढकललेली होती. डिझाइन प्रमुख जेरी मॅकगव्हर्न यांच्या टीमने ते सगळं कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीत टिकवलं. इव्होक पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला सर्वांत जास्त थक्क केलं ते याच गोष्टीने. २०१२ मध्ये तिला वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर हा किताब मिळाला, तो नुसत्या देखणेपणाचा नव्हता असं मी मानतो.

हे जमवलं कसं? पाया फ्रीलँडर २ चा घेतला. दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,६६० मिलिमीटर, इंजिन पुढे आडवं, सस्पेन्शनला चारही बाजूंना स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्परचे उभे खांब. तुमच्या मित्रांचं अर्धं बरोबर ते इथे. मात्र छत खाली आल्यावर माणसांनाही खाली आणावं लागलं, म्हणून बसण्याची जागा खाली गेली. तीन दारांच्या कूपेपेक्षा पाच दारांच्या गाडीचं छत तीस मिलिमीटर उंच ठेवलं. शेजारी उभ्या केल्या तरच फरक कळतो. लांबी ४.३६ मीटरच्या आसपास, पण रुंदी आरसे मिटूनही दोन मीटरच्या जवळ. लांबीला छोटी आणि रुंदीला ऐसपैस, हे प्रमाणच तिला रस्त्यावर दबदबा देतं.

वजनासाठी बॉनेट आणि छत ॲल्युमिनियमचं केलं, पुढचे फेंडर आणि मागचा दरवाजा प्लास्टिक कॉम्पोझिटचा. छतावरचं वजन कमी झालं की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी झुकते. सर्वांत हलकी, फक्त पुढची चाकं फिरवणारी आवृत्ती १,६०० किलोच्या आत बसली. रेंज रोव्हरच्या नावावर फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी निघावी, यावर तेव्हा जुन्या चाहत्यांनी खूप आरडाओरडा केला. युरोपातल्या कार्बन उत्सर्जनाच्या नियमांचा रेटा लक्षात घेतला तर तो निर्णय मला रास्त वाटतो. फोर बाय फोर आवृत्त्यांना त्याने धक्का लागला नाही.

आकाराची किंमतही चुकवावी लागली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २०११ च्या युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा चाचणीत इव्होकला पाचपैकी चार तारे मिळाले. आत बसलेल्यांच्या सुरक्षेचे गुण उत्तम होते. कमी पडले ते पादचाऱ्यांच्या सुरक्षेत, जेमतेम चाळीस टक्क्यांच्या घरात. मागच्या काचेतून दिसणारं दृश्य म्हणजे टपालपेटीच्या फटीतून बाहेर बघण्यासारखं. मागच्या सीटवर उंच माणसाला कोंडल्यासारखं व्हायचं. हे तिन्ही दोष एकाच चित्रातून आले होते.

दुसरीकडे, नाव रेंज रोव्हर असल्यामुळे ऑफ-रोडच्या बाबतीत कंपनीने सूट घेतली नाही. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटरच्या वर, अर्ध्या मीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, बंपर न घासता चढावर चढण्याचा पुढचा कोन (ॲप्रोच अँगल) २५ अंश आणि उतरतानाचा मागचा ३३ अंश. टेरेन रिस्पॉन्स म्हणजे एका बटणाने थ्रॉटल, गिअरबॉक्स, मधला क्लच आणि ट्रॅक्शन कंट्रोल या सगळ्यांची वागणूक बदलणं. गवत-खडी-बर्फ, चिखल आणि चाकोऱ्या, वाळू, असे पर्याय. वाळूच्या मोडमध्ये चाक थोडं जास्त फिरू दिलं जातं, कारण वाळूत वेग तुटला की गाडी रुतते. निसरड्या पृष्ठभागाच्या मोडमध्ये पेडल दाबलं तरी ताकद हळूहळू येते. कोकणातल्या पावसाळी लाल मातीच्या चढावर हा मोड लावला की चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणत नाही. यात लो-रेंजची, म्हणजे अगदी सावकाश पण जास्त जोराने चढण्यासाठीच्या जादा गिअरची वेगळी पेटी नाही, हे मात्र लक्षात ठेवा. मोठमोठ्या दगडांवर चढायचं असेल तर लँड रोव्हरचीच डिफेंडर बघा.

इंजिनांबद्दल फार लांबण लावत नाही. सुरुवातीला २.२ लिटरचं डिझेल (१५० आणि १९० अश्वशक्ती) आणि २ लिटरचं टर्बो पेट्रोल (२४० अश्वशक्ती) होतं, ही फोर्डच्या काळातली वारसाहक्काची इंजिनं. २०१५ पासून कंपनीची स्वतःची इंजिनिअम डिझेल इंजिनं आली. गिअरबॉक्सची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. २०१३ मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेणारी इव्होक ही पहिली प्रवासी गाडी ठरली. आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्सला लांबी मिळत नाही, पुढच्या दोन चाकांमधल्या जागेतच सगळं मावलं पाहिजे. तिथे नऊ गिअर बसवताना काही ठिकाणी नेहमीच्या क्लच पॅकऐवजी (एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांऐवजी) दात्यांचे डॉग क्लच वापरले गेले. ते कमी जागा घेतात आणि कमी ऊर्जा खातात, पण दाते जुळवण्यासाठी वेग अचूक साधावा लागतो, म्हणून काही वेळा गिअर बदलताना क्षणभर विचार केल्यासारखं जाणवतं. त्याच सुमारास ॲक्टिव्ह ड्राइव्हलाइनही आली: स्थिर वेगात, ताशी ३५ किलोमीटरच्या वर, मागच्या चाकांना ताकद नेणारा संपूर्ण शाफ्ट सोडून दिला जातो आणि गरज पडली की सेकंदाच्या एका अंशात पुन्हा जोडला जातो. इंधन वाचतं आणि घाटात पकडही मिळते.

या आकाराची खरी किंमत किती होती, हे चीनमधल्या एका खटल्याने दाखवून दिलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्वांगझूच्या प्रदर्शनात लँडविंड एक्स७ नावाची गाडी आली. पाठीमागून पाहणाऱ्याला ती इव्होकच वाटावी इतकी हुबेहूब, आणि किंमत इव्होकच्या एक तृतीयांशाच्या आसपास. परदेशी कंपनीला चीनच्या न्यायालयात अशा नकलेविरुद्ध दाद मिळत नाही, हा तेव्हा सर्वसाधारण अनुभव होता. तरी जॅग्वार लँड रोव्हरने दावा लावून धरला आणि मार्च २०१९ मध्ये बीजिंगच्या चाओयांग जिल्हा न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला. इव्होकची पाच वैशिष्ट्यं थेट उचलली गेली आहेत, असं न्यायालयाने मान्य केलं आणि एक्स७ ची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. आमच्या पेशातल्या माणसाला हा निकाल फार मोलाचा आहे. छताचा उतार, काचांची रेषा ही कोणाची तरी मेहनतीने मिळवलेली मालमत्ता असते, हे त्यात कायद्याने मानलं गेलं.

तोपर्यंत दुसरी पिढी आली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनमध्ये ती दाखवली गेली, तेव्हा जगभरात साडेसात लाखांहून जास्त इव्होक विकल्या गेल्या होत्या. बाहेरून पाहिलं तर जुन्याच गाडीला इस्त्री केल्यासारखी वाटते. कंपनीच्या सांगण्यानुसार जुन्या गाडीतून फक्त दारांच्या बिजागऱ्या तेवढ्या जशाच्या तशा आल्या. फ्रीलँडरचा पाया गेला. प्रीमियम ट्रान्सव्हर्स आर्किटेक्चर हा नवा सांगाडा आला, जो पहिल्यापासून ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडसाठी (इंजिनाला विजेचा थोडा हातभार) आणि प्लग-इन हायब्रिडसाठी (बाहेरून चार्ज होणारी बॅटरी) आखलेला होता. मागे स्ट्रटच्या जागी इंटिग्रल लिंक सस्पेन्शन बसलं, त्यामुळे खड्ड्याचा धक्का आणि वळणावरची पकड या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे सांधे काम करतात आणि मागची सीट जुन्या गाडीपेक्षा बरीच शांत झाली. लांबी जेमतेम तितकीच राहिली, पण व्हीलबेस एकवीस मिलिमीटरने वाढून २,६८१ झाला. ती वाढ मागच्या गुडघ्यांना मिळाली. बूट सुमारे दहा टक्क्यांनी वाढून कंपनीच्या मोजमापाने ५९१ लिटर झालं. पाण्यातून जाण्याची क्षमता ६०० मिलिमीटर झाली. २०१९ मध्ये युरो एनकॅपने पाच तारे दिले आणि पादचारी सुरक्षेचे गुण सत्तर टक्क्यांच्या वर गेले, तेही बॉनेटची रेषा न बिघडवता.

मागचं दिसण्याचा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेने सोडवला तो मला विशेष आवडतो. काच मोठी केली असती तर इव्होक इव्होक राहिली नसती. म्हणून छताच्या मागच्या टोकाला कॅमेरा बसवला आणि आतला आरसा एका कळीने पडदा होतो. बूट छतापर्यंत सामानाने भरलं असलं तरी मागचा रस्ता स्वच्छ दिसतो. दुसरी सोय ग्राउंड व्ह्यूची: पुढचे आणि आरशांखालचे कॅमेरे मिळून बॉनेटच्या खालची जमीन पडद्यावर दाखवतात. चढाच्या माथ्यावर, जिथे बॉनेटपलीकडे फक्त आभाळ दिसतं, तिथे चाक नेमकं कुठे पडतंय ते कळतं. ज्यांना चष्म्यातून जवळचं-लांबचं पटकन जुळवणं जड जातं, त्यांनी आरशाचा पडदा ट्रायलमध्ये जरूर वापरून बघावा, काहींना त्याची सवय होत नाही. साधा आरसा तसाच ठेवण्याची मुभा असतेच.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. २००८ च्या एलआरएक्समध्ये मागच्या ॲक्सलवर विजेची मोटर ठेवून डिझेल हायब्रिड करण्याची कल्पना मांडलेली होती. २०२० मध्ये आलेल्या पी३००ई मध्ये पुढे दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि मागच्या ॲक्सलवर ८० किलोवॉटची मोटर आहे, बॅटरी १५ किलोवॉट-तासांची. तंत्र पिकायला बारा वर्षं लागली, तोवर चित्र थांबून राहिलं.

आता पैशांचं. इव्होकचा आणि पुण्याचा संबंध थेट आहे. जॅग्वार लँड रोव्हरच्या पुण्यातल्या प्रकल्पात २०११ मध्ये फ्रीलँडर २ ची जुळणी सुरू झाली आणि २०१५ मध्ये इव्होकची. सुटे भाग आणून इथे जोडले की संपूर्ण गाडी आयात करण्याच्या तुलनेत सीमाशुल्क बरंच कमी लागतं, म्हणून त्या वर्षी किंमत उतरली होती. दुसरी पिढी जानेवारी २०२० मध्ये ५४.९४ लाखांना आली, २०२४ च्या जानेवारीत सुधारित गाडी ६७.९० लाखांना (दोन्ही एक्स-शोरूम). सप्टेंबर २०२५ पर्यंत या वर्गाच्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्के कर होता, आता सेस जाऊन जीएसटी चाळीस टक्के झाला आहे, त्यामुळे जुने आकडे धरून बसू नका, ताजं कोटेशन घ्या. त्यावर महाराष्ट्रातला रोड टॅक्स: वीस लाखांच्या वरच्या वैयक्तिक गाडीला पेट्रोलसाठी तेरा टक्के, डिझेलसाठी पंधरा टक्के. दोन टक्क्यांचा हा फरक या किमतीला लाखाच्या वर जातो.

म्हणजे तुम्ही जे पैसे देता त्यात कराचा हिस्सा मोठा आहे. उरलेल्यातला मोठा भाग तुम्हाला हातात धरून दाखवता येणार नाही अशा गोष्टींत आहे: दोन धातू आणि प्लास्टिकचे जोड एकसारख्या फटीने बसवणं, दार बंद होतानाचा आवाज, ताशी शंभरला आत शिरणारा वारा अडवणारे सील. याच पैशांत जर्मन कंपन्यांच्या गाड्या मागे जास्त जागा देतात. निव्वळ जागा आणि मायलेज मोजणाऱ्याने इव्होक घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. चार माणसांना ती पुरेशी आहे, मागच्या सीटवर तिघं मोठी माणसं पुणे ते रत्नागिरी आरामात जाणार नाहीत.

पेट्रोल की डिझेल? रोज ऑफिसपर्यंत सात-आठ किलोमीटर आणि तेही ट्रॅफिकमधून असेल तर पेट्रोल घ्या. बीएस६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी सलग वीस-पंचवीस मिनिटं बरा वेग लागतो. सततच्या छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. कोणत्याही कंपनीच्या डिझेलला हे लागू आहे. तुमची कोकणफेरी महिन्यातून एकदा नक्की होणार असेल आणि एरवीही हायवेला गाडी निघत असेल, तर डिझेलची ओढ घाटात फार सुखाची आहे.

चाकांच्या बाबतीत माझा आग्रह आहे. फोटोत मोठी चाकंच शोभतात, कारण चित्रच मोठ्या चाकांवर बेतलेलं आहे. पण आपल्या रस्त्यांवर जितकी लहान मिळतील तितकी घ्या. टायरची भिंत जाड असली की खड्ड्यात रिम वाकत नाही आणि मागची सीट सुखी राहते.

विमा झीरो डेप्रिसिएशनचाच काढा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर निम्मी कपात होते, आणि या गाडीच्या बंपर-दिव्यांपासून बऱ्याच गोष्टी प्लास्टिकच्या आहेत. ॲल्युमिनियमचं बॉनेट ठोकून सरळ करणं कोपऱ्यावरच्या गॅरेजचं काम नव्हे. त्या पत्र्याला वेगळी हत्यारं लागतात आणि लोखंडाचा कीस लागला तर तिथून गंज धरतो.

सेकंडहँडचा विचार असेल तर दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांचा मोह आवरा. तिथे डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घालणाऱ्या नियमामुळे त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. किंमत मोहात पाडते, पण इथे एनओसी आणणं, पुन्हा नोंदणी करणं आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरणं यात ती बचत आटते. जवळची, संपूर्ण सर्व्हिस हिस्टरी असलेली गाडी दोन लाख जास्त देऊन घ्या. पाहायला जाताना इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा, अर्धा तास चालवा, चौथ्या-पाचव्या गिअरच्या वेगात हळूहळू पेडल दाबून गिअर कसा बदलतो ते अनुभवा. मागच्या डिफरन्शियलचं आणि फोर बाय फोरच्या क्लचचं ऑइल कधी बदललं, याची पावती मागा. पहिल्या पिढीचीच घ्यायची असेल तर २०१५ नंतरची, आणि शक्य असेल तर दुसऱ्या पिढीची थोडी जास्त चाललेली गाडी पहिल्या पिढीच्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा बरी.

शेवटचं काम शोरूममध्ये करा. घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवा, पुढची सीट तुमच्या सोयीला लावा आणि तासभर ट्रायल मागा, त्यात वीस मिनिटं तुम्ही स्वतः मागे बसा.